अँग्लो-सॅक्सन राजांचे ‘विटन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वीची सुमारे साडेचारशे वर्षे तिथल्या अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जर्मानिक वंशाच्या, राजांनी कायदे केले, जमिनी दिल्या, खंडण्या भरल्या आणि भावकीतील भांडणे मिटवली. यातील बहुतेक कामांच्या नोंदीत राजाच्या नावामागोमाग एक शब्द येतो: ‘विटन’, म्हणजे राजाचे सल्लागार. त्यांच्या सभेबद्दल वाचकांना हमखास पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

‘विटन’ आणि ‘विटेनगेमोट’ या शब्दांचा अर्थ काय?

जुन्या इंग्रजीत ‘विटा’ म्हणजे जाणता माणूस. ‘विटन’ हे त्याचे अनेकवचन आणि ‘गेमोट’ म्हणजे सभा; म्हणून विटेनगेमोट म्हणजे जाणत्यांची सभा. मराठी वाचकाला हा शब्द वाटतो तितका परका नाही. ‘जाणणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून ‘विटा’ आला, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘विद्’ आला आणि त्यातून आपल्याकडचे वेद, विद्या, विद्वान हे शब्द. (उच्चाराच्या जवळ जायचे म्हणून ‘वितान’ लिहावे, तर मराठीत त्याचा अर्थ मांडवाचे छत होतो, त्यामुळे इथे ‘विटन’ हेच रूप वापरले आहे.)

विटेनगेमोट हा भारदस्त शब्द पाठ्यपुस्तकांमुळे रूढ झाला आहे. त्या काळच्या कागदपत्रांत तो क्वचितच आढळतो. लॅटिनमध्ये लिहिणारे कारकून ‘कॉन्सिलियम’ किंवा ‘सिनोडस’ लिहीत, तर इंग्रजीत लिहिणारे ‘राजाने आपल्या विटनच्या सल्ल्याने असे ठरवले’ एवढेच लिहून पुढे जात. सभेला पक्के नावच नव्हते, ही गोष्ट किरकोळ नाही. ठरलेली सदस्यसंख्या, कार्यालय, नियमावली आणि दप्तर असलेली संस्था म्हणून तिचे चित्र रंगवले, की पुढचे सगळे प्रश्न चुकीच्या अंगाने पडू लागतात. ती संस्थेपेक्षा एक प्रसंग होती: राजा असेल तिथे आणि तो बोलावील तेव्हा घडणारा.

या सभेत कोण बसत असे? सदस्यांची निवड कशी होई?

निवडणूक नव्हती आणि कायमचे सदस्यत्वही नव्हते. राजाचे बोलावणे आले की जायचे. तरी बोलावणे कोणाला येणार हे बरेचसे ठरलेले होते. कँटरबरी आणि यॉर्क येथील आर्चबिशप, इतर बिशप आणि मोठ्या मठांचे मठाधिपती हा धर्मसत्तेचा गट. एकेका प्रांताचा कारभार पाहणारे आणि तिथली फौज घेऊन लढाईला उतरणारे ‘एल्डरमन’ हा दुसरा गट. अकराव्या शतकात कनूट या डॅनिश राजाच्या काळापासून त्यांना ‘अर्ल’ म्हणू लागले. तिसरा गट ‘थेन’ लोकांचा. हे राजाच्या चाकरीतले जमीनदार होते, आणि त्यांच्यात राजाच्या ताटावर, वस्त्रांवर किंवा घोड्यांवर देखरेख ठेवणाऱ्यांपासून खेड्यापाड्यातील प्रतिष्ठितांपर्यंत अनेक प्रकारची माणसे असत.

दहाव्या शतकात, विशेषतः अॅथलस्टन राजाच्या काळात (९२५ ते ९३९), सभेचा पसारा फार वाढला. त्याच्या काही सनदांवर नव्वद ते शंभर साक्षीदारांची नावे आहेत. त्यांत इंग्लिश बिशप आणि थेन तर आहेतच, शिवाय हायवेल याच्यासारखे वेल्सचे राजे आहेत आणि उघडउघड डॅनिश नावांचे सरदारही आहेत. वेल्सच्या राजाला इंग्लिश राजाच्या सभेत येऊन साक्षीदार म्हणून उभे राहावे लागणे हे सल्लामसलतीपेक्षा मांडलिकत्वाचे प्रदर्शन होते. ९३४ मध्ये अॅथलस्टन स्कॉटलंडच्या स्वारीवर निघाला, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस विंचेस्टरला असलेली सभा जूनच्या पहिल्या आठवड्यात नॉटिंगहॅमला भरलेली दिसते. फौज आणि सभा तेव्हा एकाच वाटेने चालत होत्या.

सामान्य शेतकऱ्याला या सभेत जागा होती का?

नव्हती. स्वतंत्र शेतकऱ्याचा संबंध ‘शायर’ म्हणजे जिल्हा आणि ‘हंड्रेड’ म्हणजे त्याचा पोटविभाग, यांच्या स्थानिक सभांशी येई. राजाच्या सभेचा निर्णय घोषणा म्हणून, कायदा म्हणून किंवा बहुतेकदा करवसुली म्हणून त्याच्या दारी पोहोचत असे.

स्त्रियांचा सहभाग होता का?

होता, पण थोड्या आणि उच्च कुळातल्या स्त्रियांचा. केंटच्या काही जुन्या सनदांवर मठाधिपती स्त्रियांच्या साक्षी आहेत. दहाव्या शतकात राजमाता एडगिफू, पुढे एडगर राजाची राणी एल्फथ्रिथ आणि अकराव्या शतकात राणी एमा यांची नावे साक्षीदारांच्या यादीत वरच्या ओळींत येतात. ९९० च्या सुमाराचा एक दावा या बाबतीत फार बोलका आहे. विनफ्लेड नावाच्या स्त्रीचा लिओफविन नावाच्या माणसाशी जमिनीवरून वाद होता. तिने वूल्मर येथे एथेलरेड राजापुढे साक्षीदार उभे केले: आर्चबिशप सिगेरिक, बिशप ऑर्डब्रिट, एल्डरमन एल्फ्रिक आणि खुद्द राजमाता एल्फथ्रिथ. इतकी वजनदार साक्ष असूनही लिओफविन अडून बसला. हा वाद आधी शायरच्या सभेतच चालला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. राजाने ते मान्य केले, आपली मोहोर एका मठाधिपतीबरोबर पाठवली आणि तिथे जमलेल्यांनी न्यायाने निवाडा करावा, असा निरोप धाडला.

शायरच्या सभेत विनफ्लेड शपथ घेण्याच्या तयारीनिशी आली होती. तेव्हा उपस्थितांनी सुचवले की शपथेपर्यंत जाऊ नये, कारण एकदा शपथ झाली की दोघांत स्नेह उरणार नाही. अखेर लिओफविनने जमीन सोडली आणि विनफ्लेडने त्याच्या वडिलांचे सोने-चांदी परत केले. राजसभेपर्यंत गेलेला दावा खाली गावकीच्या शहाणपणाने मिटला. आणखी एक बारकावा असा, की शायरमध्ये जमलेल्या माणसांनाही त्या कागदात ‘विटन’ हाच शब्द लावला आहे. तो शब्द एकट्या राजसभेच्या मालकीचा नव्हता.

सभा कुठे आणि केव्हा भरत असे?

राजधानी अशी नव्हती. राजा आपल्या एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर फिरत राही आणि त्या त्या मुलखातून गोळा झालेल्या धान्य, मांस, मध, एल (बिअरसारखे पेय) अशा शिध्यावर त्याचा लवाजमा जगत असे. नाताळ, ईस्टर आणि त्यानंतर पन्नासेक दिवसांनी येणारा पेंटेकॉस्ट हे सण मोठ्या सभेसाठी सोयीचे होते, कारण बिशप आणि सरदार तेव्हा राजाजवळ येतच. ठिकाणे बहुतेक दक्षिणेकडची, टेम्स नदीच्या आसपासची आणि वेसेक्स या पूर्वी स्वतंत्र असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यातली. सॉमरसेटमधील चेडर येथील राजवाड्याच्या जागी विसाव्या शतकात उत्खनन झाले, तेव्हा लाकडी खांबांच्या लांबलचक दालनांच्या खुणा सापडल्या; दहाव्या शतकातल्या सभांची नोंद असलेल्या या ठिकाणी राजा नेमका कशा घरात बसत असेल, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो.

त्याहून विलक्षण अवशेष उत्तरेकडे, नॉर्थम्ब्रियातील येवरिंग येथे मिळाले. सातव्या शतकातल्या या राजवाड्याजवळ लाकडाची एक पाचरीच्या आकाराची, पायऱ्यापायऱ्यांची बैठक होती. रोमन नाट्यगृहाचा एक तुकडा कापून उचलून आणावा तशी ती रचना होती आणि तिच्या टोकाशी एका व्यक्तीने उभे राहून बोलण्यापुरता चौथरा होता. लोक अर्धवर्तुळात वर चढत गेलेल्या बाकांवर आणि राजा खाली, सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात. ही बैठक पुढे वाढवून मोठी करण्यात आली, म्हणजे येणाऱ्यांची संख्या वाढली असली पाहिजे.

इमारत नेहमीच भरवशाची नसे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार वृत्तान्तात ९७८ सालाखाली एक नोंद आहे: विल्टशायरमधील काल्न येथे इंग्लिश लोकांचे सगळे प्रमुख विटन माडीवरून खाली कोसळले, एकटे आर्चबिशप डन्स्टन तेवढे एका तुळईवर उभे राहिले, काहींना जबर दुखापत झाली आणि काही जिवानिशी गेले. डन्स्टनच्या भक्तांना यात ईश्वरी कौल दिसला. आपण एवढेच म्हणावे, की माडीच्या फळ्यांना देशभरच्या मातब्बरांचे वजन एकाच वेळी झेपले नाही.

सभेत नेमके काय काम चाले?

कायदे जाहीर करणे हे सर्वांत ठळक काम. वेसेक्सचा राजा इनी याने सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यांच्या आरंभीच सांगितले आहे, की वडील सेनरेड, दोन बिशप, सर्व एल्डरमन आणि प्रमुख विटन यांच्या सल्ल्याने हे ठरले आहे. दोन शतकांनंतर आल्फ्रेड राजाने आपला कायदा आधी स्वतः निवडून एकत्र केला, मग सर्व विटनना दाखवला आणि ‘हे आम्हा सर्वांना मान्य आहे’ असे त्यांच्याकडून म्हणवून घेतले. या दोन नोंदींतला फरक सूक्ष्म आहे, पण महत्त्वाचा आहे. पहिल्या ठिकाणी सल्ला आधी आणि कायदा नंतर. दुसऱ्या ठिकाणी कायदा तयार, उरली ती संमती. प्रत्यक्षात दोन्ही पद्धती चालत असाव्यात आणि त्या त्या राजाच्या वकुबावर व स्वभावावर ते अवलंबून असावे, असे मला वाटते.

याशिवाय तह, युद्ध, बिशपांच्या नेमणुका, बड्या सरदारांवरील राजद्रोहाचे खटले, हद्दपारी आणि खंडणी हेही विषय येत. डॅनिश नेता गुथ्रम याच्याशी आल्फ्रेडने केलेल्या तहाच्या सुरुवातीला करार करणाऱ्यांमध्ये राजांबरोबर ‘सर्व इंग्लिश लोकांचे विटन’ यांचाही उल्लेख आहे.

सर्वांत नियमित काम मात्र जमीन देण्याचे. राजा एखाद्या मठाला किंवा थेनला जमीन कायमची देई, तेव्हा तिची सनद लिहिली जाई. मजकूर लॅटिनमध्ये, कधी कधी तर इतक्या अलंकारिक लॅटिनमध्ये, की लिहिणाऱ्याला स्वतःच्या विद्वत्तेचे कौतुक वाटत असले पाहिजे. जमिनीची चतुःसीमा मात्र साध्या इंग्रजीत असे: अमुक ओढ्यापासून जुन्या वाटेने काटेरी झाडापर्यंत, तिथून थडग्याच्या टेकाडापर्यंत. कारण उघड आहे. शिवेवरून भांडण झाले तर लॅटिन उपयोगी पडणार नव्हते. शिव चालून पाहणाऱ्याला कळेल अशी भाषा हवी होती. शेवटी साक्षीदारांची नावे आणि प्रत्येक नावापुढे क्रूस. हे क्रूस बहुधा साक्षीदार स्वतः काढत नसत. लेखकच सगळी नावे आणि सगळे क्रूस एका हाताने लिहून टाकी.

मग साक्षीदारांच्या या याद्यांवरून इतिहासकारांना काय कळते?

पुष्कळ काही. सभांच्या कामकाजाचे इतिवृत्त उपलब्ध नाही. कोण काय बोलले, कोणी विरोध केला, मते मोजली का, यांतले काहीच लिहून ठेवलेले नाही. पण सनदा शेकड्यांनी टिकल्या आहेत आणि त्यांतल्या नावांचा क्रम मनमानी नसे. राजा प्रथम, मग आर्चबिशप, बिशप, मठाधिपती, एल्डरमन आणि शेवटी थेन. शिवाय प्रत्येक गटाच्या आत कोण कितव्या जागी, यालाही अर्थ होता. लग्नपत्रिकेत नाव कोणत्या ओळीत छापले यावरून रुसवेफुगवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

उदाहरणार्थ, एड्रिक स्ट्रिओना हा १००७ मध्ये मर्शिया या मध्य इंग्लंडमधील प्रांताचा एल्डरमन झाला. त्याच्याआधी पद मिळालेले एल्डरमन यादीत त्याच्या वर होते. १०१२ पर्यंत तो एल्डरमन मंडळींत पहिल्या जागी पोहोचला. त्याच्या चढत्या वजनाबद्दल कोणी एक वाक्य लिहिले नसते, तरी या याद्यांनीच ते सांगितले असते. उलट, राजमाता एल्फथ्रिथ हिचे नाव ९८० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे नाहीसे होते आणि ९९३ मध्ये परत येते. नेमक्या याच काळात तरुण एथेलरेड आईच्या आणि जुन्या सल्लागारांच्या प्रभावातून सुटून नव्या मंडळींच्या नादी लागला होता. ९९३ च्या सनदेत त्यानेच त्याची कबुली दिली आहे. अॅबिंग्डन मठाचे स्वातंत्र्य आपण पैशाच्या मोबदल्यात विकले, त्या वेळी आपण तरुण होतो आणि लोभी माणसांनी आपल्याला भरीस घातले, असे त्याने त्यात म्हटले आहे. राजाने जुनी चूक सभेपुढे मान्य करायची आणि ती सनदेत लिहवून घ्यायची, हा प्रकार कोणत्याही काळात दुर्मीळच.

राजाला सभेत ‘नाही’ म्हणण्याची हिंमत कोणाला होती का?

आल्फ्रेडला स्वतःलाच याची शंका होती, असे त्याच्या मृत्युपत्रावरून दिसते. वडील एथेलवुल्फ यांच्या वारशावरून त्याच्याविरुद्ध कुजबुज चालू होती. थोरल्या भावाच्या मुलांना डावलून काकाने सगळे घेतले, असा तिचा सूर होता. तेव्हा आल्फ्रेडने वडिलांचे मृत्युपत्र लँगनडेन येथील सभेत आणून सर्व विटनसमोर वाचून घेतले. मग त्याने विनंती केली, की माझ्या प्रेमाखातर किंवा माझ्या भीतीने कोणीही न्याय्य ते सांगायला कचरू नये; कोणी खरे बोलला म्हणून मी त्याच्यावर राग धरणार नाही, असे मी वचन देतो. सर्वांनी उत्तर दिले, की याहून न्याय्य हक्क आम्हाला सुचत नाही.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. राजाला आपल्या हक्कासाठी सभेची मोहोर लागली, हे सभेचे वजन. पण असे अभय द्यावे लागले, यातच एरवी माणसे किती मोकळेपणाने बोलत असतील ते कळते. शिवाय राजा समोर बसलेला असताना आलेले एकमुखी उत्तर पुतण्यांना पटले नव्हतेच. आल्फ्रेड ८९९ मध्ये वारला आणि पुतण्या एथेलवोल्ड याने लगोलग बंड केले.

सल्लागारांनी राजाला धर्म बदलायला लावल्याची एक गोष्ट सांगतात, ती कोणती?

नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा की नाही यावर सभा घेतली, असे बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर शंभर वर्षांनी, लिहिले. जुन्या देवांचा मुख्य पुजारी कोइफी सर्वांत आधी बोलला आणि त्याचा मुद्दा सरळ व्यवहाराचा होता: देवांची सेवा माझ्याइतकी कोणी केली नाही, तरी राजाची कृपा मात्र इतरांवरच जास्त झाली, तेव्हा या देवांत काही दम नाही. त्यानंतर एका सरदाराने हिवाळ्यातल्या मेजवानीचे चित्र उभे केले. आत शेकोटी धगधगते आहे, बाहेर पाऊस आणि हिमवादळ आहे, आणि एक चिमणी एका दारातून आत येऊन दुसऱ्या दाराने निघून जाते. माणसाचे आयुष्य त्या उजेडातल्या क्षणाएवढे, त्याच्या आधी काय आणि नंतर काय हे आपल्याला ठाऊक नाही. नवा धर्म त्याबद्दल काही सांगत असेल तर ऐकावे. एडविनने ६२७ च्या ईस्टरला यॉर्क येथे बाप्तिस्मा घेतला.

भाषणे शब्दशः अशीच झाली असे मानण्याचे कारण नाही. पण इतका मोठा निर्णय राजाने एकट्याने घेतला असे सांगितले असते, तर ते बीडच्या वाचकांना विचित्र वाटले असते, हे मात्र यातून नक्की कळते.

राजा निवडण्याचा अधिकार विटनकडे होता का?

‘निवडला’ हा शब्द क्रॉनिकलमध्ये वारंवार येतो, पण त्याला आजच्या निवडणुकीचा अर्थ लावला की घोटाळा होतो. उमेदवार राजघराण्यातलाच हवा, हे गृहीत होते. वारस सज्ञान, कर्तबगार आणि एकटाच असेल, तर ‘निवड’ म्हणजे जयजयकार. वारस दोन असले की मात्र सभेला खरोखर निवडावे लागे, आणि तेव्हा बहुधा सभाच दुभंगे. १०१६ मध्ये एथेलरेड वारल्यावर लंडनमधल्या विटनने आणि नागरिकांनी त्याचा मुलगा एडमंड याला राजा केले, तर इतर अनेकांनी कनूटला. कनूट १०३५ मध्ये वारल्यावर ऑक्सफर्डच्या सभेत टेम्सच्या उत्तरेकडचे बहुतेक थेन आणि लंडनचे आरमारी सैनिक कनूटचा मुलगा हॅरल्ड याच्या बाजूने उभे राहिले. वेसेक्सचा अर्ल गॉडविन विरोधात गेला आणि अखेर त्याला पड खावी लागली.

पदच्युत करण्याचीही उदाहरणे आहेत. क्रॉनिकलनुसार सिनेवुल्फ आणि वेसेक्सचे विटन यांनी सिगेबर्ट राजाचे राज्य ‘अन्याय्य कृत्यांबद्दल’ काढून घेतले आणि त्याच्याकडे फक्त हॅम्पशायर ठेवले. ही घटना ७५७ ची. पण या वाक्यात सिनेवुल्फचे नाव आधी आहे आणि गादीवर बसलाही तोच. त्यामुळे हे सभेने चालवलेले महाभियोग प्रकरण समजावे, की सभेच्या नावाने झालेले सत्तांतर, हे वाचकाने ठरवावे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

१०१४ च्या घटनेला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण त्या वेळी राजा परदेशात होता आणि सभा त्याच्याशी वाटाघाट करत होती. डॅनिश राजा स्वेन याने इंग्लंड घेतल्यामुळे एथेलरेड सासुरवाडीला, नॉर्मंडीला पळून गेला होता. फेब्रुवारी १०१४ मध्ये स्वेन अचानक मरण पावला. डॅनिश आरमाराने त्याचा मुलगा कनूट याला राजा केले, पण इंग्लिश विटनने एथेलरेडला निरोप पाठवला: आमच्या जन्मजात स्वामीपेक्षा आम्हाला दुसरा कोणी प्रिय नाही, मात्र त्याने पूर्वीपेक्षा अधिक न्यायाने राज्य केले पाहिजे. एथेलरेडने मुलगा एडवर्ड याला दूतांबरोबर पाठवून कबूल केले, की मी तुमचा कृपाळू स्वामी होईन, तुम्हा सर्वांना नकोशा झालेल्या गोष्टी सुधारीन, माझ्याविरुद्ध जे केले-बोलले गेले त्याची क्षमा करीन; तुम्ही सर्वांनी दगाफटका न करता माझ्याकडे यावे.

अटी घालून राजाला परत घेतल्याची इंग्लंडच्या इतिहासातील ही पहिली नोंद आहे. पण ‘मात्र’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य सभेला राजा पळून गेल्यावर आले, तो सिंहासनावर असताना नाही.

एथेलरेडला ‘अनरेडी’ का म्हणतात? तो बेसावध होता म्हणून?

नाही. जुन्या इंग्रजीत ‘रेड’ म्हणजे सल्ला किंवा मसलत. एथेलरेड म्हणजे ‘उदात्त मसलत’ आणि ‘अनरेड’ म्हणजे ‘कुमसलत’. नावावरची ही कोटी त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लेखी स्वरूपात आढळते आणि मूळ अर्थ विसरला गेल्यावर तिचे ‘अनरेडी’ झाले.

कोटी बोचरी असली तरी निराधार नव्हती. डॅनिश आक्रमकांना दिलेल्या खंडणीचे क्रॉनिकलमधले आकडे पाहावेत: ९९१ मध्ये १०,००० पौंड, ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००, १०१२ मध्ये ४८,०००. पहिली खंडणी आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्याने दिली, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. १०१० सालची नोंद तर वैतागाने भरलेली आहे: देशाचे रक्षण कसे करावे हे ठरवण्यासाठी सर्व विटनना बोलावले, पण जे काही ठरे ते महिनाभरही टिकत नसे. लिहिणाऱ्याने दोष राजाला दिला की सल्लागारांना, हे त्या वाक्यात मुद्दाम मोघम ठेवले आहे, असे मला नेहमी वाटते.

बलाढ्य सरदारापुढे सभेचे काय चाले?

गॉडविनचे प्रकरण याचे उत्तर आहे. १०५१ मध्ये एथेलरेडचा मुलगा एडवर्ड राज्य करत होता. त्याचा मेहुणा, बुलोनचा युस्टस, याच्या माणसांची डोव्हरच्या रहिवाशांशी मारामारी झाली. राजाने गॉडविनला डोव्हरला शिक्षा करायला सांगितले. त्याने ते नाकारले. ग्लॉस्टरजवळ दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा देशातली उत्तम माणसे एकमेकांना मारतील आणि शत्रूला रान मोकळे होईल, या विचाराने लढाई टाळून लंडनला सभा घ्यायचे ठरले. गॉडविनने सुरक्षिततेची हमी आणि ओलीस मागितले, मिळाले नाहीत. त्याला देश सोडण्यासाठी पाच दिवसांची मुदत मिळाली. पुढच्याच वर्षी तो जहाजे घेऊन टेम्समध्ये शिरला आणि लंडनबाहेर मोठी सभा भरली. त्याच सभेने त्याला निर्दोष ठरवले, त्याची सर्व जहागीर परत केली आणि कँटरबरीचा नॉर्मन आर्चबिशप रॉबर्ट याला बहिष्कृत केले. वर्षभरात पुरावा बदलला नव्हता. नदीतील जहाजांची संख्या बदलली होती. तरीही दोन्ही वेळा निर्णय सभेच्या तोंडूनच वदवून घ्यावा लागला, हेही तितकेच खरे.

ही आजच्या ब्रिटिश पार्लमेंटची सुरुवात मानावी का?

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक इंग्लिश इतिहासकारांना तसे मानायला आवडे. प्राचीन स्वतंत्र जर्मानिक सभा, मग विटेनगेमोट, मग पार्लमेंट अशी एक सरळ रेष त्यांनी आखली. पुढच्या पिढीने ती पुसताना दुसरे टोक गाठले आणि विटन म्हणजे राजाच्या होकाराला मान डोलावणारे दरबारी, असे म्हटले. अलीकडच्या अभ्यासकांचा भर सभेतल्या समारंभावर, मेजवान्यांवर आणि लेखी व्यवहारावर आहे. दूरदूरच्या मुलखांतले मातब्बर वर्षातून काही वेळा एका छताखाली येतात, राजाला मुकुट घातलेला पाहतात, एका सनदेला साक्षी राहतात आणि घरी परततात; राज्य एक आहे ही जाणीव त्यातून घडते. मला हेच अधिक पटते. प्रतिनिधित्व, मतदान, कर नाकारण्याचा स्पष्ट हक्क यांतले काहीच विटनकडे नव्हते. देशाचा मोठा निर्णय मातब्बरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही सवय मात्र तिथे मुरली आणि सभेपेक्षा तीच अधिक टिकली.

१०६६ नंतर विटनचे काय झाले?

एडवर्ड ५ जानेवारी १०६६ रोजी वारला, तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या नव्या चर्चच्या समर्पणासाठी बडी मंडळी तिथे जमलेली होतीच. दुसऱ्याच दिवशी गॉडविनचा मुलगा हॅरल्ड याला राज्याभिषेक झाला. ऑक्टोबरमध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याच्याशी हेस्टिंग्ज येथे लढताना तो मारला गेल्यावर लंडनमध्ये उरलेल्यांनी राजघराण्यातील तरुण एडगर याला राजा म्हणून पुढे केले, पण त्याला मुकुट घालण्याची वेळच आली नाही. आर्चबिशप एल्ड्रेड, एडगर आणि लंडनचे प्रमुख नागरिक बर्कहॅमस्टेडला जाऊन विल्यमला शरण गेले आणि नाताळच्या दिवशी विल्यमला राज्याभिषेक झाला.

माणसे बदलली. वीस वर्षांत यादीतली इंग्लिश नावे जवळजवळ संपली आणि त्यांच्या जागी फ्रेंच नावे आली. प्रथा मात्र चालू राहिली. विल्यम इंग्लंडात असे तेव्हा वर्षातून तीनदा, म्हणजे ईस्टरला विंचेस्टर, पेंटेकॉस्टला वेस्टमिन्स्टर आणि नाताळला ग्लॉस्टर येथे, मुकुट घालून सर्वांसमोर बसत असे. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला त्याने देशातल्या प्रत्येक शायरमध्ये जमीन किती, गुरे किती, कोणाकडे काय आणि त्याची किंमत किती, याची मोजदाद करण्याचे ठरवले; तीच पुढे डूम्सडे बुक झाली. त्या निर्णयाची नोंद करताना क्रॉनिकलच्या इंग्रज लेखकाने लिहिले आहे, की राजाने ‘आपल्या विटनबरोबर’ या देशाविषयी खोल विचारविनिमय केला. समोर बसलेले बहुतेक सगळे नॉर्मन होते. लिहिणाऱ्याला त्यांच्यासाठी दुसरा शब्द सुचला नाही.